रेड वाईन हृदयाला चांगली, हे ठरवलं कुणी?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि आपल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो : "डॉक्टर, रेड वाईन हृदयाला चांगली ना? फ्रेंच लोक तर रोज घेतात."

मग फ्रान्सपासूनच सुरुवात करू. बोर्डो भागातली रेड वाईन बहुतेक वेळा एका द्राक्षाची नसते. जिरोंद नदीच्या डाव्या बाजूला, मेडॉकमध्ये, गोट्यांची, निचऱ्याची जमीन आहे. तिथे उशिरा पिकणारं, तुरट काबर्ने सोव्हिन्यों जास्त. उजवीकडे पोमरोल, सेंट एमिलियोंच्या चिकण मातीत लवकर पिकणारं, मऊ चवीचं मर्लो. दंवाने किंवा पावसाने एक गेलं तर दुसरं हाती लागतं. आपण बाजरीत तूर घालतो, तोच हिशेब. बाटली निवडताना एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे : तुरट चालत नसेल तर उजव्या तीराची घ्या. लेबलवर १८५५ च्या प्रतवारीचा उल्लेख दिसला तर दबून जाऊ नका. ती दलालांनी बाजारभाव पाहून केली होती.

औषधी गुणांचा बोलबाला झाला तो फार पुढे. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांगितलं, की लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय वाईनला असू शकतं. अमेरिकेत रेड वाईनचा खप एकदम वाढला. पुढे लक्षात आलं, की अशा अनेक अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. साहजिकच पिणारे निरोगी दिसले! दारू कर्करोगकारक असल्याचं तर १९८८ मध्येच जाहीर झालं होतं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही दारूचं कोणतंच प्रमाण निर्धोक नसल्याचं स्पष्ट केलं.

तरीही घेणारे घेणारच, म्हणून थोडं वाढण्याविषयी. 'रूम टेंपरेचर' म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या थंड घरांचं, साधारण १६ ते १८ अंश. आपल्या उन्हाळ्यात बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. झणझणीत मटण रश्श्याबरोबर तुरट वाईन घेतली तर तिखट आणखी झोंबतं. ग्लास मात्र मापून भरा : १३ टक्क्यांच्या १५० मिली वाईनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या दीड पेगएवढं. "वाईनच तर आहे" म्हणणारे इथेच फसतात. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपाशीपोटी अजिबात नको. साखर मध्यरात्री उतरते आणि घरच्यांना वाटतं, चढली असेल, झोपू द्या.