झेंडू : प्रसाराचा इतिहास

दसऱ्याच्या तोरणात आंब्याच्या पानांबरोबर गुंफला जाणारा झेंडू (हिं. गेंदा, गु. गलगोटा, लॅ. टॅजेटीस इरेक्टा; कुल-ॲस्टरेसी) भारतात अतिप्राचीन काळापासून असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही वर्षायू ओषधी मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेस पोहोचण्यापूर्वी ती जुन्या जगात अज्ञात होती.

मेक्सिकोतील ॲझटेक लोक तिला ‘सेंपोआलशोचित्ल’ म्हणजे ‘वीस फुले’ म्हणत. सणसमारंभांतील तिच्या वापराची माहिती बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात संकलित केलेल्या ग्रंथात आढळते. आजही तेथे नोव्हेंबरच्या प्रारंभी पितरांच्या स्मरणदिनी वेदी याच फुलांनी सजवितात. जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ मधील वनस्पतिग्रंथात मखमली झेंडूचे (टॅ. पॅट्युला) चित्र आहे; म्हणजे यूरोपात या वनस्पती लवकरच पोहोचल्या होत्या. इंग्रजीत या दोन जातींना अनुक्रमे ‘आफ्रिकन’ व ‘फ्रेंच’ मॅरिगोल्ड म्हणतात. मात्र दोहोंचे मूळ अमेरिकेतच आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्यांना सध्याची शास्त्रीय नावे दिली. भारतात झेंडू पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आला, असे सामान्यतः मानतात.

परक्या भूमीतून आलेले हे फूल येथील पूजाविधीत इतके सहज सामावले, याचे एक कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. मेक्सिकोप्रमाणेच महाराष्ट्रातही पाऊस उन्हाळ्यानंतर पडतो. पावसाळ्यात वाढून दिवस लहान होऊ लागताच झेंडू विपुल फुलतो. घरच्या बागेत जून-जुलैत बी पेरून सुमारे महिन्याने रोपे लावल्यास व शेंडे खुडल्यास आश्विनात भरपूर फुले मिळतात. फुले बरीच टिकतात व दोऱ्यात ओवण्यास सोयीची असतात.

वर्षायू वनस्पती हंगामाअखेर मरते. त्यामुळे तिचा इतिहास हा मुख्यतः जपून ठेवलेल्या बियांचा इतिहास असतो. तोरणातील सुकलेली फुले चुरगाळून, त्यांतील काळे, बारीक बी पुढील पावसाळ्यापर्यंत पुडीत बांधून ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. फुलांच्या रंगात व आकारात घरोघर जे वैविध्य आढळे, ते याच रीतीमुळे. विसाव्या शतकात टपोऱ्या, एकसारख्या फुलांचे संकरित प्रकार प्रचारात आले. त्यांचे घरी धरलेले बी मूळ गुण कायम राखीत नसल्याने दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. उत्पादकास त्यांचा लाभ झाला असला, तरी जुने स्थानिक वाण टिकविण्याचे काम आता मुख्यतः घरगुती बागांवर येऊन पडले आहे. एक हंगाम बी धरले नाही, तरी असा वाण कायमचा नष्ट होऊ शकतो.