डॉर्टची धर्मसभा

नेदर्लंड्समधील डॉर्ट (डॉर्ड्रेख्ट) या शहरी १३ नोव्हेंबर १६१८ ते २९ मे १६१९ या काळात भरलेली कॅल्व्हिनपंथीय चर्चची राष्ट्रीय धर्मसभा. मनुष्याचे तारण सर्वस्वी ईश्वराच्या निवडीवर अवलंबून असते, की त्या निवडीत मनुष्याच्या श्रद्धेचाही विचार झालेला असतो, या वादाचा निर्णय करण्यासाठी ती बोलावण्यात आली. ईश्वरी निवड, अप्रतिकार्य कृपा आणि मानवी इच्छास्वातंत्र्य यांविषयीची कॅल्व्हिनपंथाची अधिकृत भूमिका या सभेत निश्चित झाली. तथापि हा निर्णय तत्कालीन डच राजकारणातील सत्तासंघर्षापासून अलिप्त राहू शकला नाही.

पार्श्वभूमी : हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात जुनाच आहे. मनुष्य स्वतःच्या संकल्पाने सदाचरण करू शकतो, या पिलेजिअसच्या मताचे सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) खंडन केले. आदिपापामुळे मानवी संकल्प दुर्बल झाला असून ईश्वरी कृपेवाचून तो सत्याकडे वळू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. कार्थेज येथील परिषदेने ४१८ मध्ये पिलेजिअसचे मत त्याज्य ठरविले. धर्मसुधारणेच्या काळात इरॅस्मस (१५२४) व मार्टिन ल्यूथर (१५२५) यांच्यात संकल्पस्वातंत्र्याविषयी पुन्हा वाद झाला. जॉन कॅल्व्हिनने (१५०९–६४) आपल्या ख्रिस्ती धर्मविषयक मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत पूर्वनियतीचा सविस्तर विचार केला आहे. काहींना तारणासाठी व इतरांना दंडासाठी नेमणारा ईश्वरी निर्णय मनाला भयचकित करणारा आहे, हे त्याने नाकारले नाही. पण तो बायबलला धरून आहे, अशी त्याची धारणा होती. त्याचा उत्तराधिकारी थिओडोर बेझा (१५१९–१६०५) याने या सिद्धांताला अधिक काटेकोर तर्कबद्ध रूप दिले.

आर्मिनिअस व त्याचे अनुयायी : जिनीव्हा येथे बेझाच्या हाताखाली शिकलेला याकोबस आर्मिनिअस (१५६०–१६०९) हा प्रथम ॲम्स्टरडॅम येथे धर्मोपदेशक व १६०३ पासून लायडन विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. अमुक व्यक्ती कृपेच्या साहाय्याने श्रद्धा ठेवील, हे ईश्वर आधीच जाणतो आणि त्या ज्ञानानुसार तिची निवड करतो, असे त्याचे मत होते. कृपेवाचून कोणासही सत्कृत्य शक्य नाही; मात्र मनुष्य कृपेचा अव्हेर करू शकतो, असे तो म्हणे. त्याचा सहाध्यापक फ्रान्सिस्कस गोमारस (१५६३–१६४१) याच्या मते यामुळे निवडीचे कारण ईश्वराऐवजी मनुष्याकडे जात होते. श्रद्धा हे निवडीचे कारण की फळ, हा या वादाचा गाभा होय.

आर्मिनिअसच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी हॉलंड प्रांताच्या प्रतिनिधिसभेपुढे पाच कलमांचे निवेदन मांडले. त्यावरून त्यांना निवेदनवादी म्हणू लागले. श्रद्धावंतांची निवड, ख्रिस्ताचे सर्वांसाठी झालेले मरण, पुनर्जन्मावाचून मनुष्याची असमर्थता, कृपेचा प्रतिकार करण्याची शक्यता आणि श्रद्धावंताचे पतन असे या कलमांचे विषय होते. पाचव्या प्रश्नावर अधिक अभ्यास हवा, असे त्यांनीच म्हटले होते. गोमारसच्या पक्षाने १६११ मध्ये प्रतिनिवेदन सादर केले.

राजकीय संघर्ष : स्पेनबरोबरच्या युद्धात १६०९ पासून बारा वर्षांचा तह झालेला होता. तो घडवून आणणारा हॉलंडचा मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट हा निवेदनवाद्यांना संरक्षण देत होता. धर्मविषयक वाद शमविण्याचा अधिकार प्रांतिक शासनाचा आहे, असे त्याचे व ह्यूगो ग्रोशिअसचे मत होते. सेनापती मॉरिस (नासौ) याचा तहाला विरोध होता व १६१७ मध्ये त्याने उघडपणे प्रतिनिवेदनवाद्यांचा पक्ष घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉलंडने नगरांना स्वतंत्र शिपाई ठेवण्याची मुभा दिली, त्यामुळे संघर्ष विकोपास गेला. मॉरिसने हे शिपाई बरखास्त केले आणि २९ ऑगस्ट १६१८ रोजी ओल्डनबार्नेव्हेल्ट व ग्रोशिअस यांना अटक झाली. त्यामुळे धर्मसभा भरण्यापूर्वीच तिच्या निकालाची दिशा स्पष्ट झाली होती.

सभेचे कामकाज : योहानेस बोगरमान हा सभेचा अध्यक्ष होता. डच प्रतिनिधींखेरीज ब्रिटन, पॅलॅटिनेट, हेसे, ब्रेमेन, जिनीव्हा व स्विस नगरे येथील धर्मपंडितही तिला उपस्थित होते. फ्रेंच प्रतिनिधींना राजाने जाऊ दिले नाही. सीमॉन एपिस्कोपियसच्या नेतृत्वाखाली निवेदनवाद्यांना पाचारण करण्यात आले, ते समान सभासद म्हणून नव्हे, तर जाब देण्यासाठी. आपले प्रतिपक्षीच आपले न्यायाधीश होऊ शकत नाहीत, अशी हरकत त्यांनी घेतली. कार्यपद्धतीवरील दीर्घ वादानंतर १४ जानेवारी १६१९ रोजी त्यांना सभेबाहेर काढण्यात आले व पुढे त्यांच्या लेखनावरूनच त्यांच्या मतांचा निर्णय झाला.

निर्णय : सभेने चार प्रकरणांत ५९ कलमे संमत केली. तिसऱ्या मुद्द्यावर शब्दशः फारसा मतभेद नसल्याने तो चौथ्याशी जोडण्यात आला. निवड ही पूर्वज्ञात श्रद्धेवर आधारलेली नसून श्रद्धाच तिचे फळ आहे, असे पहिले प्रकरण सांगते. ख्रिस्ताचे मरण साऱ्या जगाच्या पापांना पुरेसे आहे, पण ते फलदायी होते निवडलेल्यांनाच, असे दुसऱ्यात म्हटले आहे. या प्रश्नावर ब्रिटिश व ब्रेमेनच्या काही प्रतिनिधींचे मत अधिक उदार होते. कृपा मनुष्याला निर्जीव ओंडक्याप्रमाणे वागवीत नाही, ती त्याचा संकल्प नष्ट करीत नाही किंवा त्यावर बळजबरी करीत नाही, तर त्याला नवजीवन देऊन वळविते, हा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाचा आशय आहे. म्हणजे इच्छाशक्ती नाकारलेली नसून स्वतःहून ईश्वराकडे वळण्याचे तिचे सामर्थ्य नाकारलेले आहे. निवडलेल्यांना ईश्वर शेवटपर्यंत राखतो, असे अखेरचे प्रकरण सांगते. सामान्य श्रद्धावंताची चिंताही सभेपुढे होती : बालपणी मृत्यू पावलेल्या अपत्यांच्या निवडीबद्दल धर्मनिष्ठ आईबापांनी शंका बाळगू नये, असे एक कलम आहे.

परिणाम : कलमे ६ मे १६१९ रोजी जाहीर झाली. १३ मे रोजी एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टचा हेग येथे शिरच्छेद करण्यात आला. जन्मठेप झालेला ग्रोशिअस १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून लूव्हेस्टाइन किल्ल्यातून निसटला. सुमारे २०० धर्मोपदेशकांना पदच्युत करण्यात आले व अनेकांना देश सोडावा लागला. मॉरिसच्या मृत्यूनंतर (१६२५) छळ सौम्य झाला आणि १६३४ मध्ये निवेदनवाद्यांना ॲम्स्टरडॅम येथे स्वतःचे धर्मविद्यालय काढता आले. सभेच्या ठरावानुसार तयार झालेले बायबलचे डच भाषांतर १६३७ मध्ये प्रसिद्ध झाले. डच गद्यावर त्याचा दीर्घकाळ प्रभाव पडला.

वाद मात्र मिटला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) याने आर्मिनिअसचा पक्ष घेतला, तर त्याचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड निवडीच्या सिद्धांताला चिकटून राहिला. कृपा मनुष्यावर बळजबरी करीत नाही, असे लिहून ठेवणाऱ्या सभेचे निर्णय अमलात आले ते मात्र शासनाच्या बळावर. ही विसंगती डॉर्टच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे.