डिजिटल दरी : ऑनलाइन उच्च शिक्षण

भारतातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांमध्ये उपकरण, इंटरनेट, वीज आणि अभ्यासाची जागा यांबाबत असलेली विषमता. मार्च 2020 मध्ये कोविड-19मुळे वर्ग बंद पडले, वसतिगृहे रिकामी झाली आणि ही विषमता उघडी पडली.

व्याप्ती : राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत (2017-18) ग्रामीण भागातील 4.4 टक्के, तर शहरी भागातील 23.4 टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय अनुक्रमे 14.9 व 42 टक्के कुटुंबांत होती. ही मोजणी कुटुंबांची आहे. घरातल्या एकुलत्या एका फोनवर दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले, तर कोणाचा बुडतो, हे तीत दिसत नाही. हैदराबाद विद्यापीठाच्या 2020च्या पाहणीत बहुतेकांकडे मोबाइल होता, पण तासाला नीट हजर राहू शकणारे सुमारे 37 टक्केच होते. फोन हाती असणे म्हणजे शिकता येणे नव्हे, हे या पाहणीइतके स्पष्ट क्वचितच नोंदले गेले आहे. जम्मू-काश्मीरच्या बहुतेक जिल्ह्यांत फेब्रुवारी 2021पर्यंत मोबाइल इंटरनेट 2जी गतीचेच होते.

परीक्षा : विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलै 2020 रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्यास सांगितले, ऑनलाइन, ऑफलाइन वा मिश्र पद्धतीची मुभा दिली. महाराष्ट्र शासनाचा परीक्षांना विरोध होता. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला निर्णय दिला : परीक्षेविना पदवी देता येणार नाही, मात्र राज्यांना मुदतवाढ मागता येईल. त्यानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्ये मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या. ऑनलाइन पेपर चालू असताना रेंज गेली तर उत्तरे पोहोचली की नाही, याचा घोर खेड्यातल्या विद्यार्थ्याला अधिक होता. परीक्षेची कागदपत्रे विपुल आहेत. त्याआधीच्या महिन्यांत कोणाचे किती तास बुडाले, याचा हिशेब मात्र फारसा ठेवला गेला नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण गुणपत्रिकेत ती दिसत नाही.

न्यायालयीन भूमिका : केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी 6 ते 10 मोबाइलबंदी होती. ती न मानल्याने वसतिगृहातून काढून टाकलेल्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने 19 सप्टेंबर 2019 रोजी इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला आणि तिला परत घेण्यास सांगितले. टाळेबंदीच्या सहा महिने आधीचा हा निकाल उच्च शिक्षणाच्या धोरणचर्चेत यायला हवा होता तितका आला नाही.

उपाययोजना : ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम्’ संकेतस्थळ व ‘स्वयम् प्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या (दोन्ही 2017).