आवेरेचा वंशविस्तार

इटालियन शिकणाऱ्याच्या हातात पहिल्या काही महिन्यांतच क्रियापदांचा मोठा तक्ता येतो. त्यात सात अर्थ आणि एकवीस काळ असतात, आणि बहुतेक काळांना सहा सहा रूपं. एकट्या स्वार्थाचेच आठ काळ. कोन्जुन्तीवोचे चार, म्हणजे इच्छा, शंका, भीती, कल्पना यांचा सगळा प्रांत. मग कोन्दित्स्योनाले, आपल्या संकेतार्थाचा जवळचा नातेवाईक. शिवाय आज्ञार्थ, आणि पुरुष न दाखवणारे आणखी तीन अर्थ. पाठ्यपुस्तकं म्हणतात, पाठ करा. पाठांतराला माझा विरोध नाही. पण त्याआधी या तक्त्याचं कूळ सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातला मोठा भाग एकाच क्रियापदाच्या पोटी जन्मला आहे. ते क्रियापद म्हणजे आवेरे, ‘जवळ असणं’.

आवेरेचा वर्तमानकाळ असा: ओ, आय, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो. ‘गाणं’ या अर्थाच्या कान्तारेचा भविष्यकाळ असा: कान्तेरो, कान्तेराय, कान्तेरा, कान्तेरेमो, कान्तेरेते, कान्तेरान्नो. दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या की दुसरीच्या शेपटाला पहिली ऐकू येते. ‘मी गाईन’ म्हणताना इटालियन माणूस खरं तर ‘गाणं’ आणि ‘माझ्याकडे आहे’ हे दोन शब्द एका दमात म्हणत असतो. त्याला त्याची जाणीव नसते, इतकंच.

असं का झालं, याचं उत्तर लॅटिनच्या उच्चारात आहे. अभिजात लॅटिनचा स्वतःचा भविष्यकाळ होता. कान्ताबित म्हणजे ‘तो गाईल’, कान्तावित म्हणजे ‘तो गायला’. साम्राज्याच्या काळात बोलण्यातला दोन स्वरांमधला ब मऊ होत गेला आणि व-शी एकरूप झाला. शिलालेख कोरणारेही ब आणि व यांची अदलाबदल करू लागले. मग कान्ताबित आणि कान्तावित कानाला सारखेच लागू लागले. ‘म्हणतो’ या अर्थाचं दिकित आणि ‘म्हणेल’ या अर्थाचं दिकेत हेही इ आणि ए जवळ आल्यावर एकमेकांत मिसळले. लेगाम हे रूप तर आधीपासूनच ‘मी वाचीन’ आणि ‘मी वाचावं’ या दोन्ही कामांना जुंपलेलं होतं. गायला की गाईल, हे ऐकणाऱ्याला कळत नसेल, तर बोलणारा दुसरी वाट शोधतोच.

ती वाट होती ‘कान्तारे हाबेओ’. शब्दशः ‘गाणं माझ्याकडे आहे’, म्हणजे ‘मला गायचं आहे’. ही रचना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ‘मला उद्या पुण्याला जायचंय’ या वाक्यात सक्ती आहे, इरादा आहे आणि उद्याची साधी बातमीही आहे. कोणता रंग गडद, ते प्रसंग ठरवतो. लॅटिनमध्येही तसंच होतं. सिसेरोच्या लेखनात हाबेओला जोडून आलेलं क्रियापद ‘माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे’ असा सामर्थ्याचा अर्थ देतं. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजमध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन हीच जुळणी धर्मग्रंथातल्या भाकितांसाठी वापरतो, जे घडायचं आहे आणि घडणारच आहे त्यासाठी. सक्ती, विधिलिखित, भविष्य अशी ती सरकत गेली.

दोन शब्दांचा एक शब्द झाला याचा पहिला लेखी पुरावा एका दंतकथेत आहे, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत मौल्यवान नोंद वाटते. फ्रेडेगारच्या नावानं ओळखली जाणारी बखर सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात लिहिली गेली. तिच्यात बायझंटाइन सम्राट जस्टिनियन पराभूत इराणी राजाकडे प्रांत परत मागतो. राजा जुन्या लॅटिन भविष्यकाळात नकार देतो: दाबो, ‘देईन’, याच्या आधी ‘नाही’ लावून. सम्राट एकाच शब्दात उत्तर देतो: दारास, ‘देशील’. बखरकार पुढे सांगतो, हे जिथं घडलं तिथल्या नगराचं नाव दारास पडलं. इतिहास म्हणून यात काही तथ्य नाही. आज तुर्कस्तानच्या मार्दिन प्रांतात असलेलं दारा हे तटबंदीचं नगर जस्टिनियनच्या आधीच, सम्राट अनास्तासियसनं सहाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलं होतं. पण नावाची व्युत्पत्ती रचण्याच्या नादात बखरकारानं जुनं रूप आणि नवं रूप समोरासमोर उभं केलं. ‘दारे हाबेस’चं ‘दारास’ त्याच्या वाचकांना सहज कळत होतं, नाहीतर कथेतली मेखच हरवली असती.

ही सांधेजोड पुढे लोक विसरले, पण सगळीकडे नाही. पोर्तुगीजमध्ये ती अजून उसवता येते. ‘तुला देईन’ हे औपचारिक पोर्तुगीजमध्ये दार-त-एय असं लिहितात. ‘तुला’ थेट क्रियापदाच्या मधोमध बसतं, कारण तिथं कधीकाळी दोन शब्दांमधली फट होती. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांनी ही रूपं गिरवलेली आहेत. स्पॅनिशचा पहिला व्याकरणकार नेब्रिहा यानं 1492 साली सालामांका इथं छापलेल्या ग्रंथात भविष्यकाळाची ही घडण ओळखून नोंदवलीसुद्धा होती.

इटलीत या रूपाला शेवटचा आकार फ्लोरेन्सनं दिला. कान्तारेपासून कान्तारो व्हायला हवं होतं, आणि सिएनात तसं होतंही. फ्लोरेन्सच्या बोलीत आघात नसलेला ‘आर’ ‘एर’ होतो, म्हणून कान्तेरो. प्रमाण इटालियन फ्लोरेन्सच्या बोलीवर उभी राहिली, म्हणून आज मिलानचं मूलही ‘ए’ लिहितं. रोजच्या वापरातली क्रियापदं आणखी आक्रसली: आवेरेचं आव्रो, आन्दारेचं आन्द्रो, वेदेरेचं वेद्रो. वेनीरेमधला न पुढच्या र-मध्ये विरघळला आणि वेर्रो झालं, तसंच तेनेरेचं तेर्रो. ज्यांना आपण अपवाद म्हणून घोकतो ती रूपं सर्वांत जास्त बोलली गेलेली आहेत.

कोन्दित्स्योनाले म्हणजे याच घराण्याची दुसरी पाती. लॅटिनमध्ये हा अर्थ नव्हताच. ‘गाणं’ला आवेरेचा वर्तमान जोडला तर भविष्य झालं, भूतकाळ जोडला तर? ‘त्याला गायचं होतं.’ म्हणजे भूतकाळात उभं राहून पाहिलेलं भविष्य, आणि तिथून ‘तो गायला असता’, ‘तो गाईल, पण...’ इथपर्यंत. टस्कनीनं यासाठी आवेरेचा दूरचा भूतकाळ घेतला: एब्बी, आवेस्ती, एब्बे, आवेम्मो, आवेस्ते, एब्बेरो. त्यातून कान्तेरेय, कान्तेरेस्ती, कान्तेरेब्बे, कान्तेरेम्मो, कान्तेरेस्ते, कान्तेरेब्बेरो. पहिलं रूप तेवढं जास्त झिजलं, बाकीची ठसठशीत आहेत. विद्यार्थी ज्यावर हमखास अडखळतात त्या जोडीचा उलगडाही इथंच होतो. कान्तेरेमो ‘आपण गाऊ’, कान्तेरेम्मो ‘आपण गायलो असतो’ किंवा ‘गाऊ की’ अशा धाटणीचं. फरक फक्त म-च्या द्वित्वाचा. एका म-मागे वर्तमानकाळ आहे, दोन म-मागे भूतकाळ.

फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज यांनी मात्र त्या ठिकाणी अपूर्ण भूतकाळ जोडला, त्यामुळे त्यांची रूपं वेगळी वाजतात. तशाच घडणीची ‘-ईया’ वळणाची रूपं तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या सिसिलीतल्या दरबारी कवींनी वापरली. टस्कनीच्या कवींनी ती उचलली. सारीया, आव्रीया ही रूपं बोलण्यात फ्लोरेन्सची कधीच नव्हती, तरी कवितेत आणि ऑपेरांच्या संहितांत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. गाण्यासाठी वेगळा संकेतार्थ राखून ठेवणारी भाषा मला फार लोभस वाटते.

आवेरेचा तिसरा वंशज, पास्सातो प्रोस्सिमो, म्हणजे जवळचा भूतकाळ. ‘लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे’ या लॅटिन वाक्यातून ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ तयार झालं. इथं आवेरे पुढे राहिलं, म्हणून शेपूट न होता सुटंच राहिलं: ओ स्क्रीत्तो. कृदंत मूळचं वस्तूचं विशेषण असल्यामुळे वस्तूचं लिंग ते अजून विसरलेलं नाही. वस्तू सर्वनाम होऊन आधी आली, की चिठ्ठीसाठी लो स्क्रीत्ता, पुस्तकासाठी लो स्क्रीत्तो. ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी पुस्तक लिहिलं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपलाही भूतकाळ संस्कृतच्या कर्मवाचक कृदंतातून आला आहे. इंग्रजीच्या वाटेनं इटालियन शिकवणारे हा सोपा धागा हातचा घालवतात.

ही सगळी रूपं ज्या टस्कन बोलीत घडली, तिला व्याकरण आहे, हेच आधी सिद्ध करावं लागलं. 1435 साली फ्लोरेन्समध्ये पोपच्या पदरी असलेल्या विद्वानांत वाद झाला: प्राचीन रोमचा सामान्य माणूस लॅटिन बोलत होता की दुसरी एखादी बोली? लेओनार्दो ब्रूनीचं मत असं, की इतकं गुंतागुंतीचं व्याकरण अडाणी माणसाला पेलणारच नाही. वास्तुशिल्पी आणि पंडित लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती यानं 1440 च्या सुमारास टस्कन बोलीचं छोटंसं व्याकरण लिहून त्याला उत्तर दिलं. त्यात क्रियापदांचे तक्ते आहेत, आणि लॅटिनच्या साच्यात न बसणाऱ्या ‘सारेय, सारेस्ती, सारेब्बे’ या रूपांना त्यानं स्वतंत्र अर्थ म्हणून जागा दिली. पुस्तक छापलं गेलं नाही. पिएत्रो बेम्बोसाठी 1508 साली केलेली एक नक्कल व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिली.

छापून प्रभावी ठरलं ते बेम्बोचं पुस्तक, 1525 साली व्हेनिसमध्ये. त्यानं चौदाव्या शतकातले पेत्रार्का आणि बोक्काच्चो आदर्श मानले, आणि लेखी क्रियापद दोनशे वर्षं मागच्या जागी खिळलं. ‘मी गात असे’ लॅटिनच्या कान्ताबामवरून कान्तावा होतं. फ्लोरेन्सचे लोक कान्तावो म्हणू लागले, कारण ‘मी’ची बाकी रूपं ओकारान्त होती आणि ‘तो’चं कान्तावा वेगळं पडत होतं. इतकी शहाणी सुधारणा व्याकरणकारांनी शतकानुशतकं अडवून धरली. मांझोनीनं आपल्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ कादंबरीची 1827 ची आवृत्ती फ्लोरेन्सच्या जिवंत बोलीशी ताडून 1840 ते 1842 मध्ये नव्यानं काढली, तेव्हा त्यानं ही ओकारान्त रूपं घेतली आणि ती रुळली. त्याच्या बाजूनं मी बिनशर्त आहे.

आजही हे घराणं हलतं आहे. ‘सारान्नो ले त्रे’ म्हणजे ‘तीन वाजले असतील’. आपल्यासारखाच तिथंही भविष्यकाळ अंदाजाचं काम करतो. उद्याची गोष्ट सांगायला बोलण्यात वर्तमानकाळ पुरतो, दोमानी वादो, ‘उद्या जातो’. ‘तो म्हणाला, मी येईन’ याच्यासाठी मांझोनीच्या काळी साधा कोन्दित्स्योनाले चाले, वेर्रेब्बे. आता सारेब्बे वेनूतो हे जोडरूप लागतं. म्हणजे ज्या कामासाठी हा अर्थ जन्मला, तेच त्यानं आपल्या जोडरूपाकडे सोपवलं. नेपल्सच्या बोलीत ‘आज्जो’, म्हणजे तिथला ‘ओ’, ‘गायचं आहे’ अशी जुनी सक्ती अजून सांगतो. सार्डिनियात तर दोन्ही शब्द सुटेच राहिले: आपो आ कान्तारे, ‘मी गाईन’. तिथं ‘आहे’ आधी येतं आणि ‘गाणं’ नंतर, त्यामुळे त्याचं शेपूट होण्याची वेळच आली नाही.