आकाशाचा मारा आणि पुण्याची कसोटी

नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. मृग सरत आला की कर्जत-पाथर्डीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कामास लागल्यापासून त्या आभाळाची चित्रे आपलेच उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरांवरून धाडू लागले. पण उपग्रहाची ती जागा शांत नव्हे. १९१२ साली व्हिक्टर हेस याने बलूनमधून वर जाऊन विश्वकिरणांचा माग काढला. १९५८ मध्ये एक्स्प्लोरर-१ वरील उपकरणांवरून व्हॅन ॲलन यांना पृथ्वीभोवतीचे विद्युत्कणांचे पट्टे उमगले. त्यांतील बाहेरच्या पट्ट्याच्या इलेक्ट्रॉनांत या उपग्रहांचे आयुष्य जाते; आणि तेथे डागडुजीस कोण जाणार?

गाऱ्यात भुसा तुडवला म्हणजे भिंत तडकत नाही, हे आपल्या खेड्यांना पूर्वापार ठाऊक आहे. कार्बनचे तंतू व इपॉक्सी राळ यांचे संमिश्र द्रव्य त्याच जातीचे. हलके आणि ताठ, म्हणून उपग्रहाच्या सांगाड्यास व अँटेनास सोयीचे. माऱ्यात तंतू तग धरतो, भोगते ती राळ. तिच्या रेणूंच्या साखळ्या कोठे तुटतात, कोठे एकमेकींत गुंततात. राळ ठिसूळ होते आणि ऊन-सावलीच्या फेऱ्यांत तिला सूक्ष्म चिरा पडतात.

हे आधीच जोखावे कसे? नगरची महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तेथील भौतिकशास्त्र विभागात प्रा. व्ही. एन. भोरसकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोट्रॉन यंत्रातून साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे कण प्लॅस्टिकच्या नमुन्यांवर सोडले. कक्षेतील वर्षांचा मारा अशा यंत्राने तासांत देता येतो.

मात्र घाईचा हिशेब फसवाही असतो. नमुना हवेत ठेवला तर हवेतील प्राणवायूच राळेशी खेळू लागतो. पोकळीत तसे घडत नाही. शिवाय आकाश एकाच शस्त्राने लढत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये खालच्या कक्षेत सोडलेला एलडीईएफ हा प्रयोग-उपग्रह जानेवारी १९९० मध्ये परत आणला, तेव्हा पुढील बाजूचे उघडे संमिश्र पृष्ठभाग सुट्या प्राणवायू-अणूंनी झिजवलेले आढळले. धातूचा पातळ लेप असलेले बचावले होते. पुण्यातही पॉलिइमाइडवर इलेक्ट्रॉनांबरोबर ऑक्सिजन प्लाझ्माचा परिणाम अभ्यासला गेला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा.

प्रयोगशाळेला आकाश निर्माण करता येत नाही. आकाशाला कोणते प्रश्न विचारावेत, एवढे ती शिकवते. उत्तर चुकले तर मात्र त्याची किंमत आभाळाकडे पाहणारा मोजतो.