उपासमारीचा रकाना

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, हा समज आपल्याकडे दीर्घकाळ टिकला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेला अभ्यास वेगळे सांगतो: गर्भात अपुरे पोसलेले, कमी वजनाचे मूलही अंगी चरबी घेऊन जन्मते आणि पुढे या रोगाकडे झुकते. मग जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू शिवारात राबणाऱ्या गर्भवतीची अर्धपोटी भाकर हाच या इतिहासाचा आरंभ नव्हे काय?

आज तिशी ओलांडलेल्यांच्या कमरेचा घेर दारोदार मोजते ती आशाताई. १९७० मध्ये जामखेडला आरोळे दांपत्याने सुरू केलेल्या प्रकल्पातील ग्राम आरोग्यसेविका तिच्या पूर्वसूरी. तिच्या अर्जात वय, तंबाखू, व्यायाम, आईवडिलांचा आजार यांची नोंद होते. आईच्या उपासमारीला मात्र रकाना नाही.