सिरियल-इथरनेट गेटवेतील अस्थिर संवाद

सिरियल-इथरनेट गेटवे हे कारखान्यातील सिरियल जोडणीची उपकरणे संगणकीय जाळ्याशी जोडणारे साधन आहे. मीटर, विश्लेषक आणि पीएलसी यांसारखी उपकरणे आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ वाहिनीवर बोलतात, तर नियंत्रण कक्षातील संगणक टीसीपी/आयपी जाळ्यावर. या दोहोंमधील संदेशांचे रूपांतर गेटवे करतो. संवाद पूर्ण बंद न पडता अधूनमधून तुटत असेल, तर त्यास अस्थिर संवाद म्हणतात.

पार्श्वभूमी

मॉडबस हा संदेशनियम मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला आणि आरएस-४८५ हे मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे पुढील काळात उभ्या राहिलेल्या प्रक्रिया-उद्योगांत सिरियल जोडणी सर्रास वापरली गेली. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील वायू-भंजन संकुल हे या काळातील मोठ्या प्रकल्पांपैकी एक होय. उरणहून येणाऱ्या इथेन-प्रोपेन वायूवर आधारित हे संकुल आयपीसीएल कंपनीने उभारले. ती कंपनी २००७ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. अशा प्रकारच्या प्रकल्पांत क्षेत्रातील उपकरणे व नियंत्रण कक्ष यांत बरेच अंतर असते आणि जुनी उपकरणे न बदलता नव्या जाळ्यात आणण्यासाठी गेटवे सोयीचा ठरतो.

विद्युत कारणे

आरएस-४८५ वाहिनी एका सरळ रांगेत असावी आणि तिच्या दोन्ही टोकांना, केवळ टोकांनाच, साधारणतः १२० ओहमचे रोधक असावेत. लांब फाटे काढल्यास संकेत परावर्तित होऊन विकृत होतात. कमी वेगावर ही वाहिनी सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते. दोन इमारतींच्या भूविभवात फरक असल्यास संकेताचे विभव उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या मर्यादेबाहेर जाते. यावर विलगीकरण असलेला गेटवे हा उपाय आहे. कोकणातील दमट हवेमुळे जोडपट्ट्यांवर गंज चढतो, तर पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस होणाऱ्या विजांमुळे वाहिनीत अतिविभव निर्माण होऊ शकते. पावसाळ्यातच उद्भवणारा बिघड बहुधा जोडपट्टी, केबलचे आवरण किंवा अर्थिंगशी निगडित असतो.

वेळेशी संबंधित कारणे

आरएस-४८५ वाहिनीवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. ९,६०० बिट प्रतिसेकंद वेगावर १० नोंदी वाचण्याची विनंती व तिचे उत्तर यांना तारेवरच सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. विराम व उपकरणाचा विचारकाल धरून हा वेळ ६० मिलिसेकंद मानल्यास २० उपकरणांची फेरी १.२ सेकंदांत पूर्ण होते. मात्र त्यांपैकी एक उपकरण बंद पडले आणि गेटवे एका सेकंदाच्या कालमर्यादेने तीन वेळा प्रयत्न करीत राहिला, तर हीच फेरी चार सेकंदांहून अधिक लांबते. संगणकाची कालमर्यादा दोन सेकंद असल्यास त्याला सुस्थितीतील उपकरणेही तुटलेली दिसतात. तो त्याच विनंत्या पुन्हा पाठवतो आणि गेटवेसमोरील रांग आणखी वाढते. दोष एका उपकरणाचा असला, तरी पडद्यावर संपूर्ण वाहिनीच सदोष भासते.

निदान

प्रथम दोष गेटवेच्या कोणत्या बाजूस आहे हे ठरवले जाते.

मॉडबस अपवाद-संकेत ११ आल्यास गेटवेपर्यंतचे जाळे चालू आहे, पण सिरियल बाजूच्या उपकरणाने उत्तर दिलेले नाही, असा अर्थ होतो. संकेत १० हा गेटवेतील मार्गाची मांडणी चुकल्याचे किंवा गेटवेवर अतिभार असल्याचे सुचवतो.

गेटवेच्या सीआरसी त्रुटी वाढत असल्यास विद्युत गोंगाट, चुकीचा वेग किंवा समान पत्ता असलेली दोन उपकरणे यांचा संशय घ्यावा लागतो. सीआरसी त्रुटी नसून केवळ उत्तरेच उशिरा येत असल्यास कारण वेळेचे असते.

गेटवेकडून काहीच उत्तर न आल्यास इथरनेट केबल, दुहेरी आयपी पत्ता किंवा संपलेली टीसीपी जोडण्यांची मर्यादा तपासली जाते.

उपकरणे एकेक करून वाहिनीवरून काढल्यास दोषी उपकरण सापडते. एका वेळी एकच बदल केला, तरच त्याचा परिणाम ओळखता येतो.

उपाय आणि सुरक्षा

गेटवेचे सर्व प्रयत्न मिळून लागणाऱ्या वेळेपेक्षा संगणकाची कालमर्यादा अधिक ठेवणे, बंद उपकरण फेरीतून तात्पुरते वगळणे आणि उपकरणे दोन वाहिन्यांत विभागणे हे नेहमीचे उपाय आहेत.

काही गेटवे उपकरणांचे वाचन आधीच करून स्मृतीत ठेवतात. अशा वेळी वाहिनी तुटली तरी जुनेच मूल्य पडद्यावर दिसत राहू शकते. टाकीची पातळी वाढत असताना स्थिर आकडा दिसणे हे संवाद उघडपणे तुटण्यापेक्षा अधिक धोकादायक असते. म्हणून सतत बदलणारा एखादा गणक सोबत वाचला जातो. तो थांबताच मूल्य अविश्वसनीय मानून इशारा दिला जातो. याच कारणाने आपत्कालीन बंद यंत्रणा सामान्यतः गेटवेवर अवलंबून न ठेवता स्वतंत्र प्रणालीत थेट तारांनी जोडलेली असते.